बोचरा दात

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय भगवंतराव, व्यासपीठावरील मान्यवर, डॉ. सुभद्राचे विद्यार्थी आणि अमरावती-अकोल्याहून आलेल्या सुहृदांनो,

आमच्या अकोल्याच्या कॉन्व्हेंट शाळेत एका मधल्या सुट्टीत एक मुलगी पायरीवर बसून गुडघ्याची खपली सोलत होती. सायकलवरून पडली होती. मी म्हटलं, "नको ना काढूस, पिकेल." मान वर न करता ती म्हणाली, "पाहू दे न वं मले, खाली काय चालू हाये ते." बाळापूरची पोर. सिस्टर कितीही रागावल्या तरी तिची वऱ्हाडी सुटली नाही. आणि माझ्या डब्यातली पोळी तिने त्याच हाताने उचलली!

खाली काय चालू आहे ते पाहणं, पॅथॉलॉजी म्हणजे तरी दुसरं काय असतं हो? तीच ही सुभद्रा, आज निवृत्त होताना माझ्या शेजारी बसली आहे. तिला बोलता येत नाही, म्हणून मी उभी राहिले. मी इंग्रजी शिकवणारी बाई. शास्त्रात चुकले तर तिची भुवई वर जाईल, तिकडे लक्ष ठेवा.

सूज ती लग्नघरासारखी शिकवायची. जखम झाली की आपल्या रक्षक पेशी धावत येतात, रासायनिक निरोप धाडून आणखी पेशींना बोलावतात. घाण उपसतात, नव्या रक्तवाहिन्या फुटतात, तंतू विणले जातात. जखम भरली की निरोप थांबतात, पाहुणे आपापल्या गावी जातात. "अन् जखम रोजच होत राह्यली तं?" ती वर्गाला विचारायची. "मंग मांडव उतरतच नाही. बोलावणे जातच राह्यतात. त्या गर्दीत एखादी पेशी बिघडते, अन् याच निरोपायवर पोसते. तिच्यासाठी रस्ते होतात, भिंती सरकतात. ज्यायनं वाचवाचं, तेच तिले घर बांधून देतात."

तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणाऱ्या प्रत्येकाला ती बजावायची, तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर दाखवा. आणि स्वतःचं? मागच्या वर्षी दाढेचा टवका उडाला, टोक जिभेला घासू लागलं. मी रोज फोनवर म्हणायची, "दाखव ना कुणाला."

"अवं दात हाये तो, बोचनारच. मी का खर्रा खातो? पोरायची परीक्षा होऊ दे."

परीक्षा झाली, निकाल लागला, ती जिभेच्या जखमेला मध लावत राहिली.

शेवटी दाढ उपटली, जिभेचा तुकडाही तपासायला काढला, तो तिच्याच विभागात आला. तिची विद्यार्थिनी जुईली हिने स्लाइड लपवून ठेवली. सुभद्राने मागून घेतली. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मान वर न करता म्हणाली, "पाह्य जुईली, कडेले कशी गर्दी झाली हाये. शिकवाले याच्यापेक्षा चांगली स्लाइड भेटनार नाही."

जीभ काढावी लागली. आता आजार मानेत परतला आहे आणि यापुढे उपचार फक्त वेदनेवर. हे तुम्हाला सांगावं, असं तिने मला काल पाटीवर लिहून बजावलं. मित्रहो, मी रोज देवाशी भांडते. तो दात घासायला कानस पुरली असती.

तिचा हात माझ्या पदराला लागतोय, म्हणजे आवर. आपण सारे जमलात, तिच्यासमोर कुणी रडलं नाही, याबद्दल मनापासून आभारी आहे. माझं कुठे काही अधिकउणं झालं असेल तर ते माझ्या पदरात घाला, तिच्या नाही.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी ती बोलली, ते तिचं शेवटचं बोलणं. "काहून रडून राह्यली वं? वाटणी ऐक." ती वाटणी आता करते.

जुईली, वर ये. सूक्ष्मदर्शक तुझा. त्याची काच मऊ कापडानेच पुसायची, ओढणीने नाही.

ती स्लाइड दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला. नाव झाकायचं नाही. "सांगजा पोराईले, हे मॅडमची जीभ हाये. नीट पाहा."

आणि दात मला. "तूच मांगं लागली होती न, ठेव आता." तो माझ्या पर्समध्ये आहे. कुणी मागू नये.