हाताला गुण

तुरुंगाच्या फाटकाशी, भेटीच्या रांगेत, माझ्यापुढे एक तरुण बाई आणि एक म्हातारी बोलत होत्या.

"तुमचं कोण आत, मावशी?"

"मुलगा. फाशीची शिक्षा झालीय."

"अगं बाई! खरंच केलं होतं त्यानं?"

"केलं होतं. शेजारणीच्या पोराचा जीव घेतला. तिला मी अजून तोंड दाखवलेलं नाही."

"मग राग मानू नका, पण न्यायच झाला."

"असेल बाई. पण सध्या तापानं फणफणलाय. आजारी माणसाला फाशी देत नाहीत, आधी बरा करतात."

"म्हणजे औषधपाणी करतात?"

"औषध, दूध, सगळं. डॉक्टर पोटच्या पोरासारखं बघतो."

"देवमाणूसच म्हणायचा."

"हो ना. हाताला गुणही आहे म्हणे. त्याचीच धास्ती वाटते."