मिरचीच्या खोलीतली वायर

...वायफाय टाक की! अन् काय, सगळ्यांचं तेच. तुम्हाला सांगतो, धर्माबादेत मिरचीच्या कोल्डस्टोरेजमंदी मी एक इतकुसा बोर्ड बसवायला गेलो, तर वॉचमनपासून चहावाल्यापतूर ज्याला त्याला माझ्या वायरीचं वावडं. 'सुगतभाऊ, या जमान्यात वायर? वायफाय टाक की.' अवो, भिंती कशाच्या हायत ते तर बगा. दोन्हीकडून पत्रा, मदी ईतभर थर्माकोल. दार लावलं की मोबाईल मरतो, तिथं वायफाय काय पोत्यावर बसून वाट बघनार हाय का? म्हनून मी एकच धरून बसलो, वायर म्हंजे वायर.

आता मी कोन, तर नायगावचा सुगत. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा हाय, बसस्टँडच्या मागं दुकान हाय, पंखा, इन्व्हर्टर, टीव्ही, जे येईल ते उघडतो. कोल्डस्टोरेज भगवानराव शेठचं. तिथला मशीनवाला मल्लेश दर तासाला आत जायचा, थर्मामीटर बघायचा, वहीत आकडा लिहायचा. शेठचं म्हननं, मला हापिसात खुर्चीवर बसून आकडा दिसला पाहिजे, आधी एका खोलीचा करून दाखव, मग पुढचं बघू. काम केवढं, एवढंच. पन आमचे बाबा, लिंबाजी, तीस वर्षं ह्याच आवारात मिरचीची पोती वाहत होते. मागच्या गेटनं आत, मागच्याच गेटनं भाईर. अन् मी ब्याग घेऊन पुढच्या गेटनं गेलो. हे काम बिघडलं असतं तर लोक सुगत फसला म्हनले नसते, लिंबाजीचं पोरगं फसलं म्हनले असते. मला त्याचीच भीती होती, खोटं कामून बोलू?

तर बोर्डावर मायक्रोकंट्रोलर. नाव केवढं मोठं, अन् मेमरी दोन किलोबाइट. त्याला नेटवर्कची वायर जोडायची तर मदी अजून एक चिप लागती, इथरनेट कंट्रोलर. नांदेडहून दोन जातीच्या आनल्या. एक स्वस्त. ती काय करती, वायरीवरून जे येईल ते उंबऱ्यावर आनून टाकती अन् मोकळी. वाचायचं कुनी, उत्तर लिहायचं कुनी, त्या दोन किलोबाइटवाल्या गरिबानं. वरून तापती, लई तापती. दुसरी डब्ल्यू पंचावन्नशे, महाग, पन वाचनं-लिहिनं सगळं आपल्या आपन करती, आपल्या हातात नुसता मजकूर देती. मी दोन मिन्टात ठरवलं, महागवाली. पन शेठ म्हनले, 'दाखव की दोन्ही.'

आता ह्या मानसानं जिंदगीभर मिरची पारखली... दोन्ही चिपांचे बोर्ड तळहातावर घेतले, खिडकीपाशी गेले, उजेडाला धरले. एकाला नखानं दाबलं. हुंगलं. तुमची आन, नाकाला लावून हुंगलं. स्वस्तवाल्याचा बोर्ड निघाला लालभडक, अन् महागवाला हिरवा. 'हिरवा माल कामून घ्यायचा? ह्याला रंग हाय, हा घे.' म्हनलो, 'शेठ, ती तापती.' तर शेठ हसायलेत. 'तापती? अन् आपलं काय हाय? कोल्डस्टोरेज हाय. आत ठेव.'

अन् तुम्हाला सांगतो, मला ते पटलं! इंजिनेर मानूस मी, मला पटलं. हितंच माती खाल्ली. मल्लेश म्हनला, 'अन्ना, एकच डबा कर. दोन डबे केलं तर पोती रचताना एक फुटतंय.' तेबी पटलं. एका डब्यात बोर्ड, चिप अन् टेम्परेचरचा सेन्सर, तिघं शेजारी शेजारी, डबा खोलीत, वायर हापिसात. झालं चालू. हापिसात आकडा आला, तेरा. पाहिजे सहा. शेठनी फोन लावला, 'मल्लेश, तेरा हाय, मशीन चालू ठेव.' 'सरे, सरे,' म्हंजे त्याच्या तेलुगूत बरं बरं. तासाभरानं परत, 'अजून बाराच हाय की रं, चालू ठेव.' 'सरे, सरे.' मल्लेश म्हनला आत जाऊन बघतो, तर शेठ म्हनले, कॉम्प्युटर हाय ना, खामखा दार कामून उघडतो. थर्मामीटर राहिलं खिळ्याला, वही गेली कपाटात, अन् मशीन आठ दिवस चालूच. आकडा उतरत उतरत आठवर आला, पन सहा काही होईना.

नवव्या दिवशी बाबा आले. धुतलेलं धोतर, पुढच्या गेटनं. माझं काम बघायला आले होते हो, मला काय वाटलं असंल ते तुम्हीच समजून घ्या. मी म्हनलो स्क्रीन बगा बाबा. त्यांनी बघितलीबी न्हाई. थेट आत गेले, पोत्यावर पंजा टेकवला, दुसऱ्या पोत्यावर टेकवला, अन् माझ्याकडं बघून म्हनले, 'सुगत, हे आठ न्हाई.'

'बाबा, कॉम्प्युटर आठ म्हनतंय.'

'त्यानं कदी पाठीवर घेतलंय का पोतं?'

खिळ्याचं थर्मामीटर काढून बघितलं. एक! म्हंजे डब्यात ती लालभडक बाई तापून बसली होती, शेजारी सेन्सरला शेकत होती, अन् भाईर सगळ्या खोलीत हिव पडलं होतं. त्याच दिवशी माल भाईर काढला असता तर पोत्यांना घाम सुटून सगळी मिरची काळी. हळूहळू खोली सहावर आनली, माल वाचला. शेठ काय म्हनले असतील? 'म्हनून मी म्हनत होतो, वायफाय टाक.'

म्हनलो, 'शेठ, चूक सेन्सरच्या जागेची हाय. जागा मी निवडली, चूक माझी. वायरीची न्हाई. वायर म्हंजे वायर.' हिरवी चिप लावली, सेन्सर डब्यापासून चार हात लांब टांगला. तीन महिने झाले, आकडा एकदा चुकला न्हाई. बाबा अधूनमधून येऊन पोत्यावर हात ठेवतेत, आकडा बघतेत, अन् काही न बोलता जातेत. आमच्या घरात ह्याला शाबासकी म्हनतेत.

एवढ्यावर भागलं असतं, पन हैदराबादचा एक व्यापारी आला. वायर बघितली अन् म्हनला, 'अभी भी वायर, शेठ?' झालं. शेठची मान खाली. मला बोलावलं, 'चारी खोल्यांत वायफाय टाक, न्हाई तर पुन्याच्या कंपनीला काम सांगतो.' किती भांडलो. शेवटी म्हनलो, टाकतो. पत्र्यातून जात न्हाई म्हनून खोलीखोलीत वायफायचा डबा बसवला. आता डबा आत, नेट भाईर हापिसात. त्या डब्यापतूर नेट न्यायचं कशानं, सांगा?

शेठ लई खूश हायत. परवा त्या व्यापाऱ्याला सगळं आवार फिरवलं, म्हनले, 'आपल्याकडं आता वायर राहिलीच न्हाई.' मी हाव म्हनलो. वर पत्र्याच्या मागं पहिली एक होती, आता चार हायत.