रिकाम्या कम्प्युटरची घरघर

माझ्यावर कुणी विश्वासच ठेवला नाही, बाई! आमच्या पापडाच्या ऑर्डरींचा कम्प्युटर समोर कुणी नसतानाही घरघरायचा. "आत कुणीतरी काम करतंय," म्हटलं, तर माझा मंगेशच हसला. "आई, पंखा आहे तो."

मग एक दिवस पडद्यावर लाल चौकोन आला, व्हायरस सापडला म्हणून. कम्प्युटरवर बसते कोण? सून. तडक कळवणला विहीणबाईंना फोन लावला, "तुमच्या लेकीनं काहीबाही आणून माझा धंदा बुडवला. या नि बघा!" सून रडून सांगत होती, "मी काही नाही केलं, आई." मी म्हटलं, "गप बस."

बिचाऱ्या दुसऱ्या दिवशी एसटीनं आल्या, वर माझ्यासाठी डाळिंबं घेऊन. त्यांच्यादेखतच दुरुस्तीवाल्याला बसवलं.

तो म्हणाला, "मावशी, व्हायरस नाही हा. मशीन रिकामं असलं की हा प्रोग्राम शास्त्रज्ञांची गणितं सोडवतो, नव्या औषधांसाठी. लोक आपल्या खुशीनं टाकतात. अँटीव्हायरस उगाच ओरडला."

माझी मान वर होईना. विहीणबाई हळूच म्हणाल्या, "काम तर पुण्याचं आहे. पण टाकलं कोणी?"

सुनेनं दाराकडे पाहिलं. तिथं आमचं रत्न मान खाजवत उभं. "आई, तू एवढी तापलेलीस, मग मी बोललोच नाही."

बायको रडत होती तरी बोलला नाही!

तिथंच कळवणला, घरी राहिलेल्या व्याह्यांना फोन लावला. "तुमच्या पोरीचा काही दोष नाही, दादा. दोष माझ्या जिभेचा. आणि ज्यानं तोंड शिवून घेतलं, तो आमचा मंगेश."