पेंढ्याचं वासरू

ऐका. आणि मधीच कोण खिदळलं तर उठवून घरी धाडीन.

माझा चुलतभाऊ म्हालू अंधार पडल्यावर ओढ्याच्या वाटेनं निघाला. खांद्यावर पेंढा भरलेलं वासरू. वासरू मेलं की कातड्यात पेंढा भरून गाईपुढं उभं करायचं. गाय चाटती न् पान्हा सोडती. तुमच्या आज्यानंबी केलंय हे. म्हालूची बायको बाळंतपणात गेलेली. तान्ही लेक ओढ्यापल्याड सासूकडं. तिच्या दुधासाठी तांबी गाय सकाळीच तिकडं नेऊन बांधलेली, पण ती पान्हा सोडीना. पोर भुकेनं रडतीया, असा सांगावा आला. मग कशाला थांबतोय हा?

हे वासरू तांबीचंच, अधू न् मेलेलंच जन्मलं असं म्हालू सांगायचा. त्या साली लई गाईंना असलीच वासरं झाली. पाय मुडपलेले, मान वाकडी, डोळं आंधळं. ढोरांचा डॉक्टर म्हणाला, पावसाळ्यात ओढ्याची चिलटं गाभण गाईंना चावली, त्यातनं रोग पोटात गेला, वासरं आतच बिघडली.

बरं. अर्ध्या वाटेत ओझं जड झालं. पेंढा तो, जड कसा हुईल? म्हालूनं खांदा बदलला. मानेला ओलं लागलं. जीभ! खरबरीत जीभ. मग शिवणीतनं चिलटं निघाली, नाकात, कानात, डोळ्यात. पायात ताठ बसवलेल्या काठ्या कडाकडा मोडल्या. पाय पुन्हा मुडपले, आणि ऐका, ते त्याच्या गळ्याभोवती आवळले.

म्हालूनं ते हिसडून आपटलं. धोंडा उचलून त्याच्या गुडघ्यावर हाणला. मोडला म्हालूचाच गुडघा. डोक्यात हाणला, तर रक्त ह्याच्याच कपाळातनं. तरी हाणतोय. ते फरफटत अंगावर येतंय न् हा हाणतोय.

"मेलंयस तू," म्हालू वरडला.

तवा ते हंबरलं. म्हालूनं तो आवाज वळखला. कारण वासरू मेलेलं जन्मलंच नव्हतं. उभं राहत नव्हतं, पण कासेशी धरलं की पीत होतं. सगळं दूध लेकीला मिळावं म्हणून ह्यानंच त्याच्या डोक्यात मुसळ घातलं होतं.

वासरानं पुन्हा गळा धरला. म्हालूचं डोळं पांढरं झालं. तेवढ्यात पल्याडनं तांबी हंबरली. गळा सुटला. वासरू आवाजाच्या रोखानं खुरडत गेलं, म्हणून हा वाचला.

सकाळी तांबीच्या पायाशी पेंढा पसरलेला, आणि कास चोखून रिकामी. पोरीला शेळीचं दूध मागून आणावं लागलं.

पोर चालायला लागली. एक दिवस मागनं येऊन बसलेल्या बापाच्या गळ्यात पडली. म्हालूनं तिला उचलून भुईवर आपटली. तिचा वाकडा हात तुम्ही बघितलाय. तो जन्माचा न्हाई.

तवा दिवस मावळल्यावर त्या वाटेला जायचं न्हाई. गाभण गाय घेऊन तर न्हाईच. उठा आता, आणि रस्त्यानं जा.