छाती अडतीस, बाही तेवीस

—नाही बाळ, त्या चौकटीत माझं उत्तर मावायचं नाही. परत वाच बरं, काय काय लिहिलंय. मोबाईल. वेळ नाही. भाषा अवघड. आणि चौथं? ‘इतर’. हं. सगळे मोबाईलवरच खूण करत असतील, नाही? मीही मघाशी तेच सांगणार होते — सोपं पडतं ना, मोबाईल काही भांडायला येत नाही. नीट बस, त्या स्टुलाचा एक पाय आखूड आहे, भिंतीला टेक. वाचनालयानं पाठवलंय म्हणालीस — कवितेची पुस्तकं हल्ली कुणी का नेत नाही ते घरोघर विचारून यायला. आणि विचारलंस कुणाला, तर जिला सहीसुद्धा येत नाही तिला. हस, हस, खरंच अंगठा उठवते मी. पण उत्तर आहे माझ्याजवळ. हे काज करता करता हळू सांगते हं. आत मशीन चालू आहे तोवर यांना ऐकू जात नाही.

तर ऐक. एक होता शिंपी आणि एक होती त्याची काजं करणारी बायको. — अगं, शिंपी काय जगात एकच असतो? गोष्ट आहे, गोष्टीसारखी ऐक. शिंप्याकडे एक मापांची वही होती, लांबट, लाल कापडी बांधणीची. पुढून उघडली की गिऱ्हाइकांची मापं, उलटी करून मागून उघडली की कविता. हो, कविता करायचा तो. कोटाला अस्तर लावता लावता काय सुचायचं कोण जाणे, कानामागची पेन्सिल काढायचा नि लिहायचा. दिवेलागणीला दुकानाची फळी पाडली की बायकोला वाचून दाखवायचा. ती समोर बसून काजं करायची, कान त्याच्याकडे. आणि तिला आवडायचं हं — खोटं नाही सांगत, सुरुवातीला फार आवडायचं. एक कविता होती, दोरीवर वाळत घातलेला सदरा, त्यात वारा शिरतो नि सदऱ्याला वाटतं आपण माणूस झालो. बायकोनं विचारलं, मग संध्याकाळी सदरा काढून घडी घातली, तेव्हा तो वारा कुठे गेला? शिंपी सुई हातात धरून कितीतरी वेळ बसला. म्हणाला, थांब, याचा विचार करतो. रात्री जेवताना म्हणाला, अजून करतोय. असे दिवस होते ते.

मग शिंप्याला मित्र मिळाले. एक मास्तर, एक छापखान्यातला, आणखी दोघे-तिघे, सगळे वहीवाले. रविवारी दुकानात जमायचे, कापडाच्या ताग्यांवर रेलून बसायचे. एकानं वाचलं की बाकीच्यांनी ‘वा’ म्हणायचं — ओळ संपायच्या आधीच म्हणायचे, पोरी, मी पाहिलंय, डोळे दुसऱ्याच्या वहीत नि तोंडानं वा. तर एका रविवारी बायको चहा घेऊन आली नि सवयीनं विचारून बसली, अमुक कवितेत ती बाई दार का उघडत नाही, आतून कडी लावलीय का? मास्तर असे हसले की बशीत चहा सांडला. ‘वहिनी, कवितेला असं विचारायचं नसतं. कळली तर वा म्हणायचं, नाही कळली तर दोनदा वा म्हणायचं.’ सगळे हसले. शिंप्यानं मान खाली घातली नि टेप गुंडाळत बसला. हसला नाही तो. पण ‘विचारू दे तिला’ असंही म्हणाला नाही.

त्या दिवसापासून बायको शिकली. वा. छान. शेवट छान झालाय. तीन बोल, काजासारखे — वही पुढून वाचली काय नि मागून वाचली काय, बटण बसणारच. आणि एकदा तसं बोलायला लागलं ना, की ऐकावं लागत नाही. हात चालतात, मन उद्याच्या कामात. वर्षानुवर्षं. तो वाचतोय नि ती वा म्हणतेय, शेजाऱ्यांना वाटायचं, काय जोडी आहे.

एका संध्याकाळी त्यानं वही उघडली नि त्याच आवाजात वाचायला लागला, सावकाश, ओळीओळीवर थांबत. छाती अडतीस. कंबर चौतीस. बाही तेवीस. कॉलर साडेपंधरा. डावा खांदा जरासा उतरता. आणि मी म्हटलं—

ती म्हणाली. जाऊ दे, आता काय लपवायचं. मी म्हटलं, ‘वा. शेवट छान झालाय.’ काजातून नजरसुद्धा वर केली नाही गं मी. त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, ‘मास्तरांच्या कोटाचं माप आहे ते.’ रागानं नाही. राग केला असता तर मी रडले तरी असते. उठले, माठातलं पाणी प्यायले, वही खालच्या खणात ठेवली. बावीस वर्षं झाली. मापाला नवीन वही आणली, पुढून मापं, मागून कोरी. मी रोज तिची धूळ पुसते. एकदा माफी मागायला तोंड उघडलं, तर बाहेर आलं ‘भात वाढू का?’

तुझ्या कागदावर लिही काय ते. मास्तरांचं लिही हवं तर — लोकांना विचारायची लाज वाटायला लावली की लोक येईनासे होतात, पुस्तकं बिचारी काय करतील. नको, मास्तरांचं नको लिहूस. मास्तर एकदाच हसले. वा तर मी रोज म्हटलं. बावीस वर्षं मी जगाला सांगितलं, वय झालं, सुचत नाही यांना आता. तूही मघाशी विचारलंस, आजोबा कविता करायचे म्हणे, खरं का, तर काय म्हणाले मी? ‘करायचे, सोडून दिलं आपणहून.’ सोडून दिलं म्हणे.

आणि सदऱ्यातला तो वारा. अजून वाटतं कधी दोरीकडे बघून, की विचारावं, करून झाला का विचार—

थांब. मशीन बंद आहे. कधी बंद झालं? तुला आठवतं? मी मोबाईलचं बोलत होते तेव्हा चालू होतं — आणि मास्तरांच्या वेळी? बोलू नकोस, जरा ऐक.

हा आतून आला तो खालच्या खणाचा आवाज. अडकतो तो, एका हिसक्यात निघत नाही. दोन द्यावे लागतात.

दुसरा.

तू ये आता, पोरी. चौकट राहू दे कोरी. जाताना दार नुसतं लोटून घे, आणि हे काजाचं कापड — हे तिकडे कोपऱ्यात ठेव बाई, सुईसकट. हात रिकामे हवेत मला.