उघड्या कोर्टातली हरकत

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आम्हा सगळ्या वकिलांचे वडीलधारे आप्पासाहेब, व्यासपीठावर विराजमान सन्माननीय न्यायाधीश महोदय आणि पाहुणे मंडळी, कोर्टातले सर्व कर्मचारी बंधू-भगिनी, माझे वकीलमित्र (मित्र म्हणजे दुपारच्या डब्यापुरते), रत्नमालाताईंच्या घरची आणि शेजारपाजारची माणसं, आणि तेहतीस वर्षांत पहिल्यांदाच हातात पेन्सिल नसताना आमची बडबड ऐकायला बसलेल्या आजच्या सत्कारमूर्ती रत्नमालाताई, आपणा सर्वांना सविनय नमस्कार आणि जय भीम.

ताई, मांडीवर तुमची बोटं हलतायत. मला इथून दिसतंय. राहू द्या आजच्या दिवस. आज मी काहीही बोललो तरी ते रेकॉर्डवर जाणार नाही, आणि त्याच भरवशावर मी उभा राहिलोय. आप्पासाहेबांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. सर्जेराव वकिलाची पाच मिनिटं किती लांब असतात, हे ठाऊक असूनही दिली, तेव्हा पुढं जे होईल त्याला जबाबदार तेच.

जे कोर्टात कधी आले नाहीत त्यांच्यासाठी (आणि कधी येऊही नयेत) दोन शब्द सांगतो. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून बोलतो. न्यायाधीश ते वाक्य करून सांगतात. लघुलेखक म्हणजे आमच्या ताई ते उतरवून घेतात. शेवटी साक्ष साक्षीदाराला वाचून दाखवायची, बरोबर आहे का म्हणून विचारायचं, मग सही नाहीतर अंगठा. बरेच जण ही साक्ष बसस्टँडवर गावांची नावं पुकारावीत तशी वाचतात. ताई मात्र समोरच्या म्हातारीला मुलीचं पत्र वाचून दाखवावं तशा वाचायच्या. कुणी मध्येच म्हणालं, "मी असं नव्हतं म्हणलो," तर थांबायच्या. आमची जेवायची वेळ टळायची, पोटात कावळे ओरडायचे, पण ताई थांबायच्या.

एकदा मी भर कोर्टात समोरच्या वकिलाला रागानं नको ते बोललो. संध्याकाळी लाज वाटली. ताईंकडं जाऊन म्हणालो, तेवढं वाक्य गाळा की. त्या म्हणाल्या, "वकीलसाहेब, तुम्ही बोललात, मी लिहिलं. आता ते तुमचंही नाही अन् माझंही नाही." चहा मात्र पाजला.

तर, माझ्या खिशात लिहून आणलेलं भाषण आहे. त्यात 'कर्तव्यदक्ष' हा शब्द चार वेळा आलाय. तेच वाचणार होतो. पण मघाशी दीपप्रज्वलनाला उठलो आणि तिसऱ्या रांगेत पाहिलं, तर साळूबाई बसलेल्या. वैजापूरकडून सकाळच्या एसटीनं आल्यात. ताईंनी त्यांना बोलावलं आणि मला कळू दिलं नाही. कळलं असतं तर आज सकाळी मला नक्की ताप भरला असता. आता खिशातलं भाषण वाचायची सोय राहिली नाही.

साळूबाई कोण, हे सांगतो. पंधरा वर्षांपूर्वी एका बाजाराच्या दिवशी एका पुढाऱ्यानं लाउडस्पीकरवरून भाषण ठोकलं. त्यात तो साळूबाईंच्या वस्तीविषयी, वस्तीतल्या बायकांविषयी बोलला. काय बोलला, ते मी या व्यासपीठावरून उच्चारणार नाही. साळूबाई तिथंच भाजीचं पाल टाकून बसल्या होत्या. त्यांच्या मुलानं, पुंडलिकनं फिर्याद दिली. समाजासमाजात द्वेष पसरवल्याचं कलम लागलं. आणि त्या पुढाऱ्याचा वकील कोण होता? तुमच्यासमोर उभा आहे.

तो माणूस मला आवडत होता अशातला भाग नाही. पण माझं एक तत्त्व होतं, आणि त्या वयात तत्त्वाची मला भारी हौस. मी भेटेल त्याला सांगायचो, बोलण्याला तुरुंग नको. आज ह्याच्या तोंडाला कुलूप घालाल, उद्या तेच कुलूप तुमच्या तोंडाला बसेल. वंगाळ बोलण्याला बोलूनच उत्तर द्यावं. आता, उत्तर द्यायला भाजीच्या पालापाशी लाउडस्पीकर कुठून यायचा? हा साधा प्रश्न मला तेव्हा सुचला नाही, आणि सुचला असता तरी मी तो बाजूला सारला असता.

खटला उभा राहीपर्यंत पुंडलिक आजारानं गेला. बाकीचे साक्षीदार फुटले. उरल्या एकट्या साळूबाई. सरकारी वकिलांना त्यांनी सांगितलं, "लई वंगाळ बोलला त्यो." मग माझी पाळी आली. मी म्हणालो, नेमके शब्द सांगा.

शब्द माझ्या हातातल्या फिर्यादीच्या कागदावर लिहिलेले होते. मला ते पाठ होते. कोर्टात असा एक माणूस नव्हता ज्याला ते माहीत नव्हते. पण फिर्याद देणारा हयात नाही, तेव्हा ते शब्द साक्षीदाराच्या तोंडूनच यावे लागतात, हेही मला पक्कं माहीत होतं.

"नाय सांगवत," साळूबाई म्हणाल्या.

"सांगावे तर लागतील."

"माझ्या तोंडातून नाय यायचे त्ये. सून उभी हाय मागं."

मी तिसऱ्यांदा विचारलं, आवाज चढवून. माझा आवाज कसा आहे, ते तुम्ही आता ऐकताच आहात. साळूबाईंनी इकडं तिकडं बघितलं, आणि त्यांची नजर ताईंवर येऊन थांबली. म्हणाल्या, "सायेब, ह्या बाईच्या कानात सांगू का? ती घेईल लिहून."

न्यायाधीशांनी 'चालेल का' अशा नजरेनं माझ्याकडं पाहिलं. मी उठून म्हणालो, "हरकत आहे. साक्ष उघड्या कोर्टात, सगळ्यांना ऐकू येईल अशीच झाली पाहिजे." कायद्यानं माझं बरोबर होतं. हरकत मंजूर झाली. साळूबाई पुढं एक अक्षर बोलल्या नाहीत.

साहेबांना पुढची प्रकरणं घ्यायची होती. ते घाईनं म्हणाले, "लिहा, साक्षीदाराला शब्द आठवत नाहीत." आणि ताईंची पेन्सिल थांबली. "साहेब, आठवत नाहीत असं त्या म्हणाल्या नाहीत. सांगवत नाहीत म्हणाल्या." स्टेनोनं असं मध्ये बोलायचं नसतं. माझ्या कपाळाला आठी पडली. पण साहेब भला माणूस, त्यांनी वाक्य दुरुस्त केलं. निकालात त्यानं काही फरक पडला नाही. पुढारी सुटला, मी वकिलांच्या बाररूममध्ये पेढे वाटले. ताईंच्या टेबलावर ठेवलेला पेढा दुसऱ्या दिवशीही तिथंच होता. मुंग्यांनी तेवढी दखल घेतली होती.

यानंतर सात वर्षांनी ताई माझ्या ऑफिसात आल्या, हातात फाईल घेऊन. फाईल त्यांच्या मुलीची, करुणाची. मघाशी चहाच्या वेळी मी तिला विचारलं, तुझं सांगू का? ती म्हणाली, "सांगा काका, पण थोडक्यात." हिला वकिलांची चांगली पारख आहे.

चिकलठाण्यात बायकांचा एक मेळावा होता. करुणानं तिथं स्वतः लिहिलेलं काही वाचलं. आपल्या आजीला पाणवठ्यावरून कसं हाकलायचे, हंडा कसा दुसऱ्यांनी वरून भरायचा, असं सगळं. कुणाचं नाव नाही, गाव नाही. वीस मिनिटांतली चाळीस सेकंदं कुणीतरी कापली, ती मोबाईलवरून फिरली, आणि एका गृहस्थाच्या भावना दुखावल्या. कलम? तेच, पुढाऱ्याला लागलेलं! करुणाची एका शाळेत शिक्षिका म्हणून निवड झाली होती. शाळा म्हणाली, निकाल लागू द्या, मग बघू. हे 'मग बघू' चार वर्षं चाललं.

त्या दिवशी मी ताईंना बसा म्हणायच्या आधीच म्हणालो, "आता पटलं ना? हा कायदाच नको म्हणून मी घसा कोरडा करत होतो." खोटं कशाला बोलू, मला आतून बरं वाटलं होतं. समोर एक आई बसलीय, आणि मला माझा मुद्दा जिंकल्याचा आनंद.

ताई शांतपणे म्हणाल्या, "वकीलसाहेब, माझी पोरगी अडकली म्हणून कायदा वाईट, तर मग साळूबाई हरल्या तेव्हा तो चांगला होता का? मला कायद्यातलं तुमच्याइतकं नाय कळत. पण दोन्ही वेळंला एकच झालं. बाईचं बोलणं कुणी पुरतं ऐकूनच घेतलं नाय."

मी वकीलपत्रावर सही घेतली. दुसरं काय करणार होतो?

पुढं त्या दुखावलेल्या गृहस्थांची साक्ष निघाली. मी उठलो आणि विचारलं, "नेमके शब्द सांगा." विचारलं खरं, आणि मला पिंजऱ्यातल्या साळूबाई आठवल्या. ते गृहस्थ इकडं तिकडं बघत म्हणाले, "पूर्ण काही ऐकलं नाही मी. ग्रुपवर आलं होतं." खटला तिथंच ढासळला. सगळं वीस मिनिटांचं रेकॉर्डिंग कोर्टात लावलं गेलं आणि करुणा निर्दोष सुटली.

ताई त्या दिवशी रजा टाकून कोर्टाच्या आवारात बाकावर बसल्या होत्या. पायरी चढल्या नाहीत. आपल्या नोकरीचं वजन पडलं असं कुणी म्हणायला नको, म्हणून. मी धावत गेलो. मला वाटलं, विचारतील काय झालं. त्यांनी विचारलं, "तिचं सगळं ऐकलं का हो त्यांनी?" मी म्हणालो, सगळं ऐकलं ताई, आजीपासून शेवटपर्यंत. तेव्हा त्या रडल्या. सुटल्याचं मी नंतर सांगितलं.

ताई, तुमच्याविषयी माझ्या मनात जी माया आहे आणि जो धाक आहे, तो त्या बाकापासूनचा. हे मी तुम्हाला कधी बोललो नाही. वकील सगळं बोलतो, तेवढंच राहून जातं.

हल्लीची तरुण पोरं मला विचारतात, सर, द्वेषाच्या भाषणाचा कायदा हवा की नको? पूर्वी मी ताडकन सांगायचो, नको. आता माझी गाडी अडते. तो नसता, तर साळूबाईंना कोर्टाचं दार तरी कुणी उघडलं असतं? आणि तो आहे, म्हणून करुणाची चार वर्षं गेली. ती मी कुठून भरून देऊ? पोरं म्हणतात, सर, तुम्ही डळमळीत झालात. झालोय बाबांनो. पण तेवढं एक मला ठाम कळलंय की 'नेमके शब्द सांगा' हा प्रश्न सोडता येणार नाही. तो सोडला, तर ज्याच्या मनाला येईल तो उठून कुणालाही तुरुंगात घालील. पण प्रश्न विचारायचा म्हणजे समोरच्या माणसाला उघडं पाडायचं, असं कुठं लिहिलंय? बंद दाराआड विचारता आलं असतं. सुनेला बाहेर थांबवता आलं असतं. साहेब एका कानाला तयार होते, मी झालो नाही.

आप्पासाहेब घड्याळाकडं बघतायत, तेव्हा आवरतं घेतो. हा समारंभ घडवून आणणाऱ्या कर्मचारी मंडळींचे, मला बोलू देणाऱ्या अध्यक्षांचे आणि इतका वेळ शांत बसलेल्या तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. रत्नमालाताई, निवृत्तीत भरपूर झोपा, करुणाच्या शाळेतल्या गमती ऐका, आणि कुणाचंही काहीही लिहून घेऊ नका.

भाषणाच्या शेवटी वक्त्यानं बोलण्यात काही उणंअधिक झालं असल्यास पदरात घ्या म्हणायचं असतं. ते मी आजवर हजार वेळा म्हटलंय, आणि एकदाही मनापासून म्हटलेलं नाही. आज म्हणतो. साळूबाई, मी तुम्हाला विचारलेला प्रश्न मला मागे घेता येत नाही, त्याच प्रश्नानं पुढं एक पोर वाचली. पण तुम्ही एक कान मागितला होता आणि मी हरकत घेतली होती. ती हरकत मी आज मागे घेतो. बारा वर्षं उशीर झालाय, खटला निकाली निघालाय, याचा काही उपयोग नाही, हे मला कळतं. मला माफ करा.

नाही, उठू नका साळूबाई. बसा. माफ केलं की नाही, हे मी तुम्हाला इथं, इतक्या लोकांत विचारणार नाही. ताई तुमच्या शेजारी येऊन बसतील. सांगावंसं वाटलं तर त्यांच्या कानात सांगा, नाही वाटलं तर नका सांगू. मीही ताईंना विचारणार नाही.