पापांना ऐकू येण्याजोगं मशीन

‘पंखे बदलत बसण्यापेक्षा हिलाच ठेवा टीव्हीखाली, घरात इतकं मुकं दुसरं काय आहे?’ – असं म्हणाली बघा माझी नणंद, डोरिस. मला ऐकू यावं म्हणून नाही हं. मी पलीकडे ओट्याशी बशा पुसत होते. लग्नाला चार महिने झाले, सून कुठं उभी असते हे अजून कुणाच्या लक्षात राहत नाही. – नको, दुसरा पंखा नका दाखवू. हा तेवढा परत घ्या, खोकं फोडलेलंही नाही. तुमचा दोष नाही हो! तुम्ही पहिल्याच दिवशी निनूला – माझ्या नवऱ्याला – बजावलं होतं, टीव्हीखालच्या कॉम्प्युटरला चपटी पेटी नको, तिच्यात पंखा इवलासा बसतो आणि इवलासा पंखा जिवाच्या आकांतानं फिरतो. पण कपाटात शोभायला हवी ना! मग आली मोठी पेटी, हा एवढा पंखा, सावकाश फिरणारा. तरी पापांचं बोलणं ऐकू येईना. पापा म्हणजे सासरे. उसाच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या ट्रॅक्टरवाल्याला शिव्या घालणारा माणूस – तुम्ही इथले मॅके गावचेच, तुम्हाला काय सांगायचं – आता दुखण्यानं नसा सुकत चालल्यात, आवाज कुजबुजण्याइतका उरला. रविवारी सगळी जमतात, चीज भरलेल्या माल्टीज पास्तिझी खातात, रग्बी लावतात, आणि पापा रेफ्रीला काय म्हणाले ते ऐकायला माना पुढे करतात. त्यासाठीच तर शांत मशीन! आधी फिरती डिस्क काढली – घरघरते म्हणून. मग बिनपंख्याचा पॉवर सप्लाय. मग पेटीला आतून नमद्याचं अस्तर. दर रविवारी एकेक भाग बदलायचा आणि दर रविवारी म्हणायचं, अजून जरा गुणगुणतंय. – काय? पापांचा आवाजच जातोय हे कळत कसं नाही हो! पण म्हणणार कोण? सासूबाई तर पेटीलाच कान लावून बसतात. दिवसभर पापांजवळ मी असते. मंगळवारपासून नुसते ओठ हलतात. मी ओळखते – पाणी, उशी... एकदा म्हणाले, सूप अळणी आहे. अळणीच होतं. हसलो दोघंही – म्हणजे मी आवाज करून, ते तसेच.

काल मॅच संपली, टीव्ही बंद केला, तर पापांचे ओठ हलायला लागले. बराच वेळ. खोलीत दुसरा कसलाच आवाज नाही. डोरिस कडाडली, ‘निनू, तुझं ते मशीन! एक शब्द कळू देईल तर शपथ!’ सासूबाई म्हणाल्या, नवा पंखा आत्ताच्या आत्ता बसव. तो खोकं उघडणार, तेवढ्यात मी ते त्याच्या हातातून काढून घेतलं. सगळे बघायला लागले. डोरिस म्हणाली, ‘आता हिला काय झालं?’ मी पापांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली – सांग म्हणून. मग सांगितलं – ‘आजची मॅच नुसत्या टीव्हीच्या अँटेनावर चालली. मशीनची विजेची वायर सकाळपासून माझ्या एप्रनच्या खिशात आहे.’